नवरंगाचा बोर्ड: पहिला खरवडला, दुसरा लागला

मी बोर्ड रंगवतो. किराणा दुकानं, कृषी केंद्रं, लग्नाचे दरवाजे, आणि दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की झाडीपट्टीच्या नाटकांचे बोर्ड. गाव गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, धानाच्या बांध्या आणि झुडपी जंगल यांच्या मधोमध. गावातून नाल्याकडे जाणारी गाडवाट जंगलात शिरते तिथे नवरंग पक्ष्याचा ओळख-बोर्ड लावायचं वनसमितीत ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. नवरंग आमच्याकडे पावसाचा पाहुणा आहे. रोहिणी नक्षत्राच्या आगेमागे येतो, नाल्याकाठी पिल्लं काढतो आणि धान निसवायला लागेपर्यंत निघून जातो. हिवाळा काढायला तो दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत असतो. दुसऱ्या गावाने असा बोर्ड करायला घेतला तर माझे पैसे आणि दिवस जिथे वाया गेले तिथे त्यांचे जाऊ नयेत, म्हणून या नोंदी ठेवल्या.

१६ मे

सामान आणलं. ४ बाय ३ फुटांचा जीआय पत्रा ९५० रुपये. अँगलची चौकट वेल्डिंगसह १,४०० रुपये. अस्तराचा अर्ध्या लिटरचा डबा १८० रुपये. एनॅमलचे छोटे डबे ९, प्रत्येकी ६० प्रमाणे ५४० रुपये. टर्पेंटाइन ९० रुपये. एकूण ३,१६०. समितीने ३,००० दिले आहेत.

नऊ डबे घेतले कारण नावच नवरंग. पत्रा पॉलिश पेपरने घासून अस्तराचा पहिला हात दिला. ऊन असं आहे की दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही. अस्तर तासाभरात वाळलं.

१८ ते २१ मे

मोबाइलवर नवरंगाचे चार फोटो शोधून ठेवले होते. त्यातला सगळ्यात झगझगीत होता तो समोर ठेवून काढायला घेतलं. पक्षी मोठा काढला, चोचीपासून शेपटीपर्यंत दोन फूट. लांबून दिसला पाहिजे हा माझ्या धंद्यातला पहिला नियम.

रंग मोजायला बसलो. पाठ हिरवी. खांद्यावर आणि शेपटीच्या मुळाशी चमकता निळा. डोळ्यावरून मानेपर्यंत जाणारी काळी पट्टी. गळा पांढरा. छाती आणि पोट फिकं बदामी. डोकं तपकिरी, त्याच्या मधून काळी रेघ. शेपटीखाली बूड लालभडक. पाय गुलाबीसर. आठ झाले. नववा काही केल्या सापडेना. एका फोटोत पोटावर पिवळी झाक दिसली, म्हणून गोल्डन यलोचा हात मारला आणि नऊ भरले. ही चूक मी समजून-उमजून केली, नावाचा हिशेब जुळावा म्हणून. ती फोटोच्या लाइटची झाक होती हे नंतर कळलं.

खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘नऊ रंगांचा पक्षी दिसल्यास वहीत नोंद करा’. बाजूला नाल्याकडे बाण काढला, ‘नवरंग इकडे’. चार दिवस लागले. बोर्ड देखणा झाला होता. ज्याने पाहिला त्याने थांबून पाहिला.

२४ मे

वाटेच्या तोंडाशी दोन खड्डे, दीड-दीड फुटाचे. सिमेंट आणि गिट्टी ४५० रुपये. चौकट उभी केली. खाली पत्र्याच्या पेटीत वही आणि दोरीने बांधलेला पेन.

२९ मे, रात्र

ही नोंद बोर्डाची नाही, पण बोर्डाचं काम इथूनच फिरलं.

रात्री साडेदहाला वारा सुटला, विजा चमकायला लागल्या. पडवीतला दिवा चालू होता. भिंतीवर काहीतरी आपटल्याचा आवाज आला. दाराशी पाहतो तर रंगाच्या डब्यांमध्ये नवरंग बसलेला, चोच उघडी, डोळे अर्धे मिटलेले. हे पक्षी रात्री प्रवास करतात. दमलेले, वाऱ्याने ढकललेले पक्षी दिव्याच्या उजेडाला भुलून घराच्या भिंतीवर, खिडकीच्या काचेवर धडकतात. त्यांच्या येण्याजाण्याच्या दिवसांत असं गावात होतं, शहरातही होतं.

बुटाच्या खोक्याला खिळ्याने भोकं पाडली, तळाशी सुती फडकं अंथरलं, पाखरू दोन्ही हातांच्या ओंजळीत उचलून आत ठेवलं आणि झाकण लावून अंधाऱ्या खोलीत ठेवून दिलं. भाचा पाणी पाजायला निघाला होता, त्याला थांबवलं. चोचीत पाणी ओतलं तर ते श्वासनळीत जातं. अशा पाखराला अंधार, ऊब आणि शांतता एवढंच लागतं. आमच्या बीटच्या वनरक्षकांना, म्हणजे गार्डसाहेबांना, फोन करून कळवलं. वनविभागाचा १९२६ हा क्रमांकही यासाठीच आहे. रानातलं पाखरू घरात ठेवून घ्यायचं नसतं, कायदा तसा आहे आणि पाखराच्याही ते हिताचं नाही.

पहाटे साडेचारला खोक्यातून खुडबुड ऐकू आली. नाल्याच्या अलीकडे करंजीच्या झाडाखाली खोकं ठेवून झाकण काढलं. ते टुणकन बाहेर आलं, दोन-तीन उड्या मारल्या आणि जमिनीलगत सरळ उडत गेलं. उडताना पंखाच्या टोकाकडे पांढरा ठिपका लख्ख दिसला. तो ठिपका माझ्या बोर्डावर नव्हता.

उचलताना जे पाहिलं ते तसंच लिहून ठेवतो. चिमणीपेक्षा मोठं, साळुंकीपेक्षा लहान, माझ्या वितीत मावलं. शेपूट इतकं आखूड की कुणी कापून टाकल्यासारखं. मी बोर्डावर शेपूट साळुंकीचं काढलं होतं, हाताच्या सवयीने. पाय लांब. पोटावर पिवळं कुठेच नाही. लाल रंग शेपटीखाली आणि पोटाच्या मागच्या भागात, मी तो छातीपर्यंत ओढला होता. आणि करंजीच्या सावलीत खोकं उघडलं तेव्हा यातला एकही रंग दिसला नाही. एक गोल, काळपट, बुटकी आकृती तेवढी दिसली.

३ जून

बोर्डावर शेपूट छाटलं. छातीवरचा लाल घासून काढला, वर बदामी दिला. पंखावर पांढरा ठिपका टाकला. पिवळा तसाच ठेवला. रंगाचा पापुद्रा जाड झाला होता, पुन्हा घासला असता तर पत्रा दिसला असता. तेव्हाच सगळं खरवडून नव्याने घ्यायला हवं होतं. डागडुजी करण्यात दीड दिवस गेला.

१२ जून

वही पाहिली. १४ नोंदी. गार्डसाहेब आणि मी एकेकाला गाठून विचारलं. कुठे बसलं होतं, किती वाजता, किती मोठं.

पाच जणांनी पाहिला तो नीलकंठ. विजेच्या तारेवर बसलेला, उडताना पंख निळे. तिघांनी वेडा राघू पाहिला. तिघांनी बोडीवरचा (लहान तळ्यावरचा) खंड्या. एकाने आंब्यावरचा हळद्या. एकाने कस्तुर, त्याबद्दल पुढे लिहितो. एकाला नीट सांगता आलं नाही. नवरंग एकही नाही.

चूक लोकांची नव्हती. मी ‘नऊ रंगांचा’ असं लिहिलं होतं. माणसं रंग शोधत होती, आणि आमच्या रानात रंगीत पाखरांना तोटा नाही. शिवाय दोन फुटांचा पक्षी काढला होता. गुराखी पोरगा म्हणाला, “कोंबड्याएवढं पाखरू पाहून राहिलो मी काका, लहानाकडे ध्यानच नाही दिलं.” लांबून दिसावं म्हणून केलेली गोष्टच नडली.

१४ जून

आमच्या गल्लीतली मावशी पन्नास-एक वर्षं या जंगलात जाते. मोहफुलं, तेंदूपत्ता, पाऊस लागला की सात्या, म्हणजे रानातली अळंबी. तिला बोर्ड दाखवायला नेलं. तिला वाचता येत नाही. तिने चित्र पाहिलं, मान हलवली.

“बाबू, हे पाखरू अगुदर आयकू येते. मंग दिसलं तं दिसलं. तू दिसन्याचंच काढलंस.”

कामाची खरी सुरुवात या वाक्यापासून झाली असं मी धरतो. दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्यासोबत जायचं ठरलं.

१५ जून

मृगाचा पाऊस रात्री पडून गेला होता. पावणेपाचला निघालो. मावशीने मला नाल्याच्या वळणावर उंबराखाली बसवलं आणि बोलू नको म्हणाली. पाचला दहा मिनिटं असताना पहिली शिटी आली. दोन सुरांची. पहिला सूर चढता, जरा लांब, दुसरा तुटक आणि उतरता. वीऽट-ट्यू. मग थांबणं. मग पुन्हा तेच. पलीकडच्या काठावरून दुसऱ्याने उत्तर दिलं. मग तिसऱ्याने, बांबूच्या रांजीकडून, म्हणजे बेटाकडून. अर्ध्या तासात चार वेगवेगळ्या जागांवरून आवाज आले आणि पाखरू एकही दिसलं नाही. सव्वासहानंतर आवाज तुटक झाले. पावशा मात्र डोक्यावर ओरडतच होता.

सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी ओरडण्याची त्याची ही सवय सगळीकडे लक्षात राहिलेली आहे. तमिळमध्ये याला ‘आरुमणि कुरुवि’ म्हणतात, म्हणजे सहा वाजताचं पाखरू. आणि शास्त्रीय पुस्तकांत याच्या कुळाचं नाव ‘पिट्टा’ असं असतं, तो शब्द तेलुगू आहे. तेंदूपत्ता गोळा करतात त्या फडीवर सिरोंच्याकडचे एक तेलुगू बोलणारे मुन्शी येतात, त्यांना विचारलं तर म्हणाले, आमच्याकडे पिट्टा म्हणजे नुसतं पाखरू, कोणतंही. तमिळ माणसाने वेळ पकडली, आम्ही रंग पकडले. ओळखायला वेळ जास्त उपयोगी पडते.

१७ जून

ही चूक लिहायला जड जातं, पण तीच सगळ्यात जास्त लोक करतात.

बोर्डासाठी पाखरू डोळ्यांनी पाहायचंच होतं. भाच्याकडून लहान स्पीकर आणला, मोबाइलमधला नवरंगाचा आवाज लावला. दोन मिनिटांत पाखरू समोर आलं. पालापाचोळ्यात टुणटुण उड्या मारत, आखूड शेपूट वरखाली हलवत, पुन्हा फांदीवर, पुन्हा खाली. मी दहा मिनिटं आवाज चालू ठेवला. फोटो मिळाले, मनासारखे मिळाले.

पुढचे दोन दिवस त्या वळणावरून शिटी आली नाही.

मावशीला सांगितलं तर ती रागावली. “त्याच्या घरात दुसरा घुसला असं वाटलं त्याले. खानंपिनं सोडून भांडाले आला तो. तुले फोटो भेटला, त्याले काय भेटलं?” गार्डसाहेबांनीही तेच समजावलं. विणीच्या दिवसांत नर स्वतःची हद्द राखून असतो. स्पीकरमधला आवाज त्याला प्रतिस्पर्ध्याचा वाटतो, त्याच्याशी झुंजण्यात चारा शोधायचा आणि घरटं राखायचा वेळ जातो. स्पीकर त्याच दिवशी परत केला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वळणावरून पुन्हा शिटी आली तेव्हा मला बरं वाटलं. दुसऱ्या बोर्डाच्या तळाशी लाल अक्षरांत एक ओळ ठरली: ‘मोबाइल, स्पीकरवर आवाज वाजवू नये’.

१९ जून

कस्तुराची नोंद. वहीतल्या त्या नोंदीने मला आधी फसवलं होतं.

सातवीतल्या एका मुलीने नाल्याकाठी पाखरू पाहिलं. जमिनीवर, पाल्यात, सावलीत, तोंडावर काळे पट्टे. सगळं नवरंगासारखं, म्हणून मी तिच्या नोंदीपुढे बरोबरची खूण केली. आज तिच्यासोबत त्याच जागेवर गेलो आणि तेच पाखरू पुन्हा दिसलं. नारिंगी डोक्याचा कस्तुर होता. तोही पावसाळ्यात इथे असतो, तोही पाला उलटून किडे-गांडुळं खातो. डोकं आणि पोट नारिंगी, पाठ राखी-निळसर, शेपूट चांगलं लांब. पण सावलीत नारिंगी आणि बदामी यात फरक कळत नाही.

मुलीने स्वतःच फरक काढला. “काका, याच्या पट्ट्या उभ्या आहेत.” खरंच. कस्तुराच्या पांढऱ्या गालावर दोन काळसर पट्ट्या वरून खाली येतात. नवरंगाची पट्टी आडवी, डोळ्यातून मागे मानेकडे जाणारी, तिच्यावर पांढरी भुवई. कस्तुराची पट्टी उभी, नवरंगाची आडवी. हे वाक्य जसंच्या तसं बोर्डावर घेतलं. इतक्या दिवसांत इतकं कामाचं दुसरं वाक्य मला सापडलं नव्हतं.

२० ते २४ जून

जुना बोर्ड काढून घरी आणला. पेंट रिमूव्हर २२० रुपये, पॉलिश पेपर ६०, अस्तर पुन्हा १८०, काळा आणि पांढरा पुन्हा १२०, स्टेन्सिलसाठी प्लास्टिकचा कागद ४०. एकूण ६२०.

रिमूव्हर लावला, पण नुकत्याच केलेल्या डागडुजीचा थर रबरासारखा ताणला जायचा, सुटायचा नाही. शेवटी पटाशीने खरवडला. पूर्ण दिवस गेला.

मग पाऊस. हवेत इतका ओलावा की अस्तर दोन दिवस चिकट राहिलं. मी घाई केली, त्यावरच काळा हात दिला. सकाळी पाहतो तर सगळीकडे फुगे. अस्तर पुन्हा खरवडलं. पावसाळ्यात एनॅमलचं काम घेऊ नये हे मी इतरांना सांगत आलोय, आणि इथे पावसाळ्याचाच पक्षी म्हणून घेऊन बसलो. चार दिवस वाया. पुढच्या वेळी सगळं चित्रकाम एप्रिलमध्ये. तुम्हीही तसंच करा, नाहीतर फ्लेक्स छापून घ्या. पण आमच्याकडच्या उन्हात फ्लेक्सवरचा लाल पहिल्यांदा उडतो, एवढं ध्यानात ठेवा.

उपाय असा निघाला: पत्रा धान्याच्या खोलीत नेला, दोन्ही बाजूंनी हॅलोजन लावले, पत्रा कोमट झाल्यावरच ब्रश लावला. हात पातळ ठेवले. एका हातानंतर पूर्ण रात्र थांबलो आणि सकाळी २२० नंबरच्या पेपरने हलकं घासून दुसरा हात दिला.

२६ जून

नवीन आखणी. रंगवायच्या आधी कागदावर काढून माणसांवर तपासली, पहिल्या वेळी हे केलं नव्हतं.

वर सगळ्यात आधी आवाज. ‘पहाटे आणि संध्याकाळी, ढगाळ दिवशी मधूनही. दोन सुरांची शिटी: वीऽट-ट्यू’. अक्षरांनी सूर कळत नाही, म्हणून खाली दोन जाड रेघा काढल्या. पहिली वर चढणारी, लांब. दुसरी खाली उतरणारी, आखूड. मावशीला रेघा दाखवल्या आणि काहीच सांगितलं नाही. तिने बोट पहिल्या रेघेवरून वर नेलं, दुसरीवरून खाली आणलं आणि तोंडाने शिटी वाजवली. हे पास झालं.

त्याखाली जागा. जमिनीवर पाल्यात उड्या मारणारा, किंवा ओरडताना झाडाच्या फांदीवर. ‘विजेच्या तारेवर बसला असेल तर तो नवरंग नाही.’ नीलकंठाच्या पाचही नोंदी या एका ओळीने टळल्या असत्या.

मग आकार. काळी आकृती, खऱ्या मापाची. चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत १८ सेंटिमीटर. एका बाजूला चिमणीची आकृती, १५ सेंटिमीटर. दुसऱ्या बाजूला साळुंकीची, २४. तिन्ही एका रेघेवर उभ्या.

कागद चिंचेच्या झाडाखाली टांगून १५ पावलांवरून पाच जणांना दाखवला. चौघांनी शेपटीवर बोट ठेवलं. पाचवे आजोबा म्हणाले, पाय आखूड वाटतात. फोटोवर मापलं, त्यांचं बरोबर होतं. पाय अर्ध्या सेंटिमीटरने वाढवले.

रंग सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी. आठ रंगांचं एकच चित्र, तेही खऱ्या मापाचं. त्यात तीन जागांना बाण: आडवी काळी पट्टी, शेपटीखालचा लाल, उडताना दिसणारा पांढरा ठिपका. निळ्याला बाण दिला नाही. ऊन पडल्याशिवाय तो निळा दिसत नाही, आणि पावसात नाल्याकाठी ऊन कुठून येणार. नर-मादी सारखेच दिसतात, तेही एका ओळीत लिहिलं. लोक दोघांमधला फरक शोधत बसतात.

रंग जुळवणं सोपं नव्हतं. डब्यातला बस ग्रीन फार गर्द, त्यात गोल्डन यलोचे थेंब आणि किंचित काळा टाकून शेवाळी हिरवा आणला. बदामीसाठी पांढऱ्यात गोल्डन यलो आणि तपकिरी. लाल मात्र पोस्ट ऑफिस रेड, डब्यातून काढला तसा. त्या पाखराच्या अंगावर तो तेवढाच तेज असतो, मी पाहिला आहे.

२ जुलै

मावशी सात्या शोधत होती, मी मागून चाललो होतो. बांबूच्या बुडाशी पाल्याचा एक ढीग दिसला, फुटबॉलएवढा, गोल, बाजूला तोंड. ती जागीच थांबली, हात मागे करून मलाही थांबवलं. आम्ही आलो त्याच पावलांनी मागे फिरलो. नवरंगाचं घरटं असंच असतं, काटक्या-मुळांचं आणि पाल्याचं, जमिनीवर किंवा बुटक्या फांदीवर. अंडी चार-पाच, चकचकीत पांढरी, त्यावर जांभळट-तपकिरी ठिपके आणि रेघा. अंडी मी पाहिलेली नाहीत, पाहायला पुढे गेलोही नाही. माणूस जिथे थांबतो तिथे मागाहून मुंगूस आणि कुत्रं येतं, असं मावशीचं म्हणणं.

घरी येऊन नवीन आखणीतला बाण खोडला. ‘नवरंग इकडे’ असं लिहायचं नाही. वहीतला ‘ठिकाण’ हा रकानाही काढला, त्या जागी ‘वेळ’ आणि ‘आवाज की दर्शन’ असे दोन रकाने केले. ठिकाण फक्त गार्डसाहेबांना तोंडी सांगायचं.

८ जुलै

दुसरा बोर्ड लागला. पहिल्याला सहा दिवस लागले होते, याला फुगे-खरवडणं धरून सोळा. पहिल्यासारखा देखणा नाही. मोटारसायकलवरून जाणारा थांबत नाही. पायी जाणारा थांबतो, जवळ येतो, रेघांवर बोट फिरवून शिटी वाजवून पाहतो. शाळेतली पोरं तर रोज वाजवतात.

९ ते ३० जुलै

नोंदी नाहीत. रोवणी. पऱ्हे (धानाची रोपं) उपटण्यात आणि चिखलात सगळं गाव. मीही.

पण बांधीत वाकलेलं असताना कान मोकळे असतात. संध्याकाळी बायका रोवणीची गाणी थांबवून घरी निघाल्या की नाल्याकडून शिटी यायची, आणि आता चार-पाच जणी एकदम म्हणायच्या, “आला नवरंग.” पूर्वीही तो तेवढाच ओरडत होता.

४ ऑगस्ट

भृंगराजाने फसवलं. ऐनाच्या झाडाच्या शेंड्यावरून दोन सुरांची शिटी आली, मी वहीत लिहिली. लगेच त्याच शेंड्यावरून शिक्र्याचा आवाज, मग हळद्याचा. वर पाहिलं तर लांब शेपटीच्या दोन तारा लोंबत होत्या. भृंगराज इतर पाखरांच्या नकला करतो. तेव्हापासून नियम केला: एकाच जागेवरून किमान पाच वेळा तीच शिटी, आणि मध्ये दुसरा आवाज नाही, तरच नोंद.

१७ ऑगस्ट

दोन पोरांनी ‘मळकट नवरंग’ पाहिला. आकार तोच, शेपूट तसंच आखूड, पट्टी आडवी, पण रंग फिके, धुऊन काढल्यासारखे. त्याच वर्षीचं पिल्लू. पहिल्या बोर्डावरून हे कुणालाही ओळखता आलं नसतं. पोरांनी शेपूट आणि पट्टी पाहून ओळखलं.

३१ ऑगस्ट

वहीचा हिशेब. ८ जुलैपासून १७ नोंदी. विचारपूस केल्यावर ११ पक्क्या नवरंगाच्या, त्यातल्या ८ नुसत्या आवाजाच्या. चार कस्तुर निघाले, म्हणजे उभी-आडवी पट्टी अजून ठळक करायला हवी. दोन सांगता येत नाहीत. नीलकंठ, खंड्या, वेडा राघू एकदाही नाही.

अभयारण्यात पाहुणे येतात ते उन्हाळ्यात वाघासाठी, आणि १ जुलैपासून गाभ्याचे दरवाजे पावसाळाभर बंद होतात. नवरंगाचे खरे दिवस नेमके तेव्हाचे. त्याला ऐकायला गावचीच माणसं उरतात.

२२ सप्टेंबर

आठ दिवस शिटी नाही. मावशी म्हणते गेला. धान निसवलंय.

एकूण खर्च: पहिलं सामान ३,१६०, सिमेंट-गिट्टी ४५०, दुसरं सामान ६२०, मिळून ४,२३०. समितीचे ३,०००, माझे १,२३०. मजुरी धरलेली नाही, धरायचीही नाही.

शाळेने ५ ते १२ नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहात बोर्ड घेऊन या म्हणून सांगितलंय. तेव्हा नवरंग इथे नसतो. गुरुजींशी बोललो, नोव्हेंबरमध्ये कस्तुर-नवरंगाच्या आकृत्या पोरांकडून कापून घ्यायच्या आणि प्रत्यक्ष ऐकायला जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात पहाटे नाल्यावर जायचं असं ठरलं.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं. मार्चमध्ये मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. ती आग नाल्यापर्यंत जाते, आणि जूनमध्ये नवरंग येतो तेव्हा किडे शोधायला पाला नसतो, घरट्याला आडोसा नसतो. मावशी झाडाखाली जुनी साडी अंथरते आणि पाला झाडूने बाजूला करते. तिचं काम अडत नाही. फेब्रुवारीच्या ग्रामसभेत हे तिनेच सांगावं असं मी म्हटलं. ती म्हणाली, “तू बोर्डावर काढ, मी बोलतो.” चित्र डोक्यात आहे: मोहाचं झाड, खाली साडी, बाजूला पाल्यात आखूड शेपटीची काळी आकृती. पत्रा दोन बाय दीड पुरेल.

स्टेन्सिल घरी ठेवली आहे. कुणाला हवी असेल तर वरची मापं घेऊन प्लास्टिकच्या कागदावर काढा, फक्त शेपटीवर एकदा पट्टी लावून बघा. हात आपोआप लांब काढतो. चोचीपासूनच्या १८ सेंटिमीटरमध्ये शेपटीचे चार सेंटिमीटरसुद्धा होत नाहीत.